नरम चेंडू, गरम बॅट

मागच्या रविवारी माळा आवरायला घेतला. (घेतला म्हणजे घ्यायला लावला, पण ते जाऊ दे.) दोन जुने मोडेम आणि तीन बंद पडलेले कीबोर्ड यांच्या खाली एक वीतभर लांबीचं काळं नळकांडं सापडलं. बायको म्हणाली, "हा कसला पाइप? टाकून देऊ?" मी जवळजवळ ओरडलोच. कारण तो पाइप नाही, ती बॅट आहे. म्हणजे बॅटचा तुकडा आहे. आणि अख्खी होती तेव्हा त्या बॅटनं एका सज्जन माणसाचं मनगट मोडलंय. माझ्या हातून.

तर झालं असं. २००६ चा उन्हाळा. मी ऑनसाइट होतो, शिकागोच्या पश्चिमेच्या एका उपनगरात. तिथे आजूबाजूच्या हापिसांची मिळून एक स्लो-पिच सॉफ्टबॉल लीग होती, दर गुरुवारी संध्याकाळी. आमच्या संघाला एक माणूस कमी पडत होता. 'तू इंडियन आहेस, म्हणजे क्रिकेट खेळला असशील' एवढ्या भांडवलावर माझी निवड झाली. शाळेत असताना आमच्याकडे मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ होता आणि त्या पोरी थेट राज्यपातळीपर्यंत जायच्या. आम्ही मुलं मात्र त्याला 'जाड चेंडूचा खेळ' म्हणून नाकं मुरडायचो. त्याची फेड अशी शिकागोत व्हायची होती.

स्लो-पिच म्हणजे काय ते सांगतो, पुढे लागणार आहे. बोलर (तिकडे पिचर) पन्नास फुटांवरून, म्हणजे साधारण सव्वापंधरा मीटरवरून, हात खालून फिरवून चेंडू टाकतो. तो वेगात टाकायचाच नाही. चेंडूनं चांगली उंच कमान घेत हळूच यायचं. आपल्याकडे आणि ऑलिंपिकमध्ये खेळतात ते फास्ट-पिच, त्यात चेंडू गोफणीतून सुटल्यासारखा येतो. स्लो-पिचमध्ये असा पाहुण्यासारखा येणारा चेंडू बघून कुठल्याही क्रिकेटवाल्याच्या तोंडाला पाणी सुटेल. माझ्याही सुटलं. पहिल्या चार गुरुवारी मी सगळे चेंडू सरळ आकाशात मारले आणि ते सगळे आरामात झेलले गेले.

पाचव्या गुरुवारी आमच्यातल्या एकानं मला त्याची बॅट दिली. काळी, कार्बन फायबरची. "ही ट्राय कर, गरम आहे," म्हणाला. मला वाटलं, उन्हात ठेवली असेल.

पहिलाच चेंडू. मी फिरवली. हाताला काही लागल्यासारखं वाटलंच नाही, 'थड्' असा एक बसका आवाज झाला आणि चेंडू सरळ आला तसा परत गेला. समोरचा पिचर पन्नाशी ओलांडलेला, चष्मा लावणारा, कुठल्याशा कंपनीच्या पगार विभागातला माणूस. त्यानं हात वर केला तो झेल घ्यायला नव्हे, तोंड वाचवायला. चेंडू मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला बॅटिंगच्या जागेवरून ऐकू आला.

आता एक कबुली देतो. त्याला गाडीत घालून नेलं तेव्हा मला फार वाईट वाटत होतं. पण त्या रात्री झोपताना, अगदी आत कुठेतरी, मला अभिमानही वाटत होता. काय मारला! शेवटी टायमिंग जमलं! हा अभिमान दोन दिवस टिकला.

तो का गेला हे सांगण्याआधी थोडा इतिहास सांगायला हवा. कारण हा खेळ जन्मला तो मुळी कोणाला लागू नये म्हणूनच. आणि जन्मला तोही त्याच शहरात.

१८८७ चा नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगचा दिवस. शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये काही मंडळी येल विरुद्ध हार्वर्ड या फुटबॉल सामन्याच्या निकालाची तार यायची वाट बघत बसली होती. येल जिंकल्याची तार आली. येलवाल्या एकानं आनंदाच्या भरात खोलीत पडलेला बॉक्सिंगचा ग्लोव्ह हार्वर्डवाल्याच्या अंगावर फेकला, त्यानं हातातल्या काठीनं तो टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थाला कल्पना सुचली. त्यानं ग्लोव्ह दोरीनं आवळून बांधला, त्याचा ओबडधोबड चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली, आणि हॉलमध्येच बेसबॉल सुरू झाला. बाहेर कडाका, आत खेळ. नाव पडलं 'इनडोअर बेसबॉल'. आपण पोरं हॉलमध्ये मोजे गुंडाळून क्रिकेट खेळायचो, तसंच. फरक इतकाच की यांनी त्याचे नियम लिहून काढले.

पुढे खेळ बाहेर मैदानात आला. १८९५ मध्ये मिनिआपोलिसच्या लुईस रोबर नावाच्या अग्निशमन अधिकाऱ्यानं आपल्या जवानांना रिकाम्या वेळात व्यायाम म्हणून असाच खेळ सुरू केला. तिथे त्याला 'किटन बॉल' म्हणत, म्हणजे मांजराच्या पिल्लांचा चेंडू. प्रत्येक गावात नाव वेगळं, चेंडू वेगळा, नियम वेगळे. १९२६ मध्ये वॉल्टर हॅकन्सन यांनी 'सॉफ्टबॉल' हे नाव सुचवलं, १९३३ मध्ये शिकागोच्याच जागतिक प्रदर्शनात मोठी स्पर्धा झाली, त्याच साली अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि हळूहळू सगळीकडे एकच चेंडू आला, बारा इंच घेराचा.

सगळीकडे, शिकागो सोडून. शिकागोत आजही सोळा इंच घेराचा चेंडू वापरून, हातात ग्लोव्ह न घालता खेळतात. तो चेंडू डाव चढत जातो तसा मऊ होत जातो. तिथल्या जुन्या खेळाडूंची बोटं वाकडी असतात आणि ती ते अभिमानानं दाखवतात. माईक रॉयको नावाचा तिथला प्रसिद्ध स्तंभलेखक १९७७ मध्ये या खेळात ग्लोव्हला परवानगी दिली म्हणून कोर्टात गेला होता, आणि जिंकला! पुण्याबाहेरही पुणेकर असतात ते असे.

असो. बारा इंची चेंडू. नावात 'सॉफ्ट' असलं तरी तो मऊबिऊ नसतो. पूर्वी आत सावरीचा कापूस ठासून भरलेला असे (आजीच्या उशीत असायचा तोच), आता पॉलियुरेथेनचा गाभा असतो. वजन १७७ ते १९८ ग्रॅम. क्रिकेटचा चेंडू असतो १५६ ते १६३ ग्रॅम. म्हणजे हा आपल्या सीझन बॉलपेक्षा जड! हे मला मनगट प्रकरणानंतर कळलं.

आता थोडं भौतिकशास्त्र. घाबरू नका, अकरावीच्या पुढे जाणार नाही.

चेंडू बॅटला किती वेळ चिकटून असतो? अंदाज करा. साधारण एक मिलिसेकंद. आपल्या धंद्यात एक मिलिसेकंद म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण मैदानावर ती कल्पनाच करवत नाही. या एका मिलिसेकंदात ताशी ४० किलोमीटरनं येणारा चेंडू थांबतो, चपटा होतो, परत फुगतो आणि ताशी शंभरच्या वर वेगानं उलटा निघतो. हिशोब केला तर त्या क्षणी चेंडूवरचा सरासरी दाब पाऊण टनाच्या वर जातो. आणि गंमत म्हणजे तुमच्या हातांना यातलं काही कळत नाही. चेंडू आदळल्याची थरथर बॅटमधून मुठीपर्यंत जाऊन परत येईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. शाळेतले आमचे क्रिकेटचे सर ओरडायचे, "बॉल लागताना ग्रिप घट्ट पकड रे!" सर, माफ करा, उपयोग नव्हता. त्या एका मिलिसेकंदात बॅट हवेत मोकळी सोडली असती तरी चेंडू तितकाच गेला असता. तुमचं सगळं कर्तृत्व त्याच्या आधीचं: बॅटला वेग देणं आणि ती योग्य जागी आणणं. पुढचं बॅट आणि चेंडू आपसात बघून घेतात.

ते काय बघून घेतात याचं सूत्र अगदी सोपं आहे:

फटक्याचा वेग = क्ष × चेंडूचा वेग + (१ + क्ष) × बॅटचा वेग

हा 'क्ष' म्हणजे टकरीची कार्यक्षमता. बॅट स्थिर ठेवून तिच्यावर चेंडू मारला तर तो आलेल्या वेगाच्या किती पट वेगानं परत जाईल, तो आकडा. प्रयोगशाळेत तोफेसारख्या यंत्रानं चेंडू डागून हेच मोजतात. सॉफ्टबॉलच्या साधारण बॅटसाठी ०.१ धरा. म्हणजे ताशी १०० नं आलेला चेंडू फक्त ताशी १० नं परत जाईल. फारच कमी वाटतं ना? पण सूत्राकडे परत बघा. येणाऱ्या चेंडूच्या वेगाला क्ष नं गुणायचं, बॅटच्या वेगाला १ + क्ष नं. म्हणजे पिचरनं दहा किलोमीटर जास्त वेगानं टाकला तर फटक्यात भर पडते एका किलोमीटरची, आणि तुम्ही बॅट दहानं जास्त वेगात फिरवली तर भर पडते अकराची. क्रिकेटमध्ये आपण म्हणतो, बोलरचा वेग वापरायचा. स्लो-पिचमध्ये वापरायला वेगच नसतो. जे काही आहे ते बॅटचा वेग आणि क्ष.

बॅटचा वेग माणसाच्या अंगात असतो. क्ष कुठे असतो?

इथे खरी मजा आहे. सॉफ्टबॉलचा चेंडू एखाद्या भक्कम भिंतीवर जोरात मारला तर तो आलेल्या वेगाच्या साधारण ०.४४ पट वेगानं परत येतो. वेगाचा वर्ग म्हणजे ऊर्जा, आणि ०.४४ चा वर्ग ०.१९. याचा अर्थ ८१ टक्के ऊर्जा चेंडूनं स्वतःच्याच पोटात खाल्ली, उष्णता करून. चेंडू हा अत्यंत उधळ्या माणसासारखा आहे, त्याच्या हातात ऊर्जा द्यायचीच नाही. लाकडी बॅट भरीव असते, ती दबत नाही, म्हणून सगळं दबणं चेंडूच्या वाट्याला येतं आणि ऊर्जा वाया जाते. पण बॅट पोकळ असेल आणि तिची भिंत पातळ असेल तर? मग दबण्याचं काम भिंत वाटून घेते. चेंडू कमी चपटा होतो, भिंत आत जाते आणि उसळून बाहेर येते. आणि भिंत हिशोबाला चोख असते, घेतलेली बहुतेक ऊर्जा परत देते. याला ट्रॅम्पोलिन परिणाम म्हणतात. भिंत जितकी लवचिक तितका तिचा आवाजही खालच्या पट्टीतला. म्हणजे ज्याला कान आहे त्याला बॅट किती 'गरम' आहे ते ऐकू येतं. आमच्या त्या 'थड्' मध्ये सगळं सांगून ठेवलेलं होतं, पण आम्ही औरंगजेब.

धातूच्या बॅटचं पेटंट विल्यम श्रॉयर यांनी १९२४ मध्येच घेतलं होतं, पण ती बाजारात रुळली नाही. १९७० च्या सुमाराला वर्थ कंपनीची अल्युमिनियमची बॅट आली आणि चित्र पालटलं. कारण भौतिकशास्त्र नव्हे, हिशोब. लाकडी बॅटा मोडतात. शाळा, क्लब, नगरपालिकेच्या लीग यांना दर वर्षी नव्या घ्याव्या लागत. अल्युमिनियमची एक घेतली की चिंता मिटली. चेंडू जास्त लांब जातो हा वर मिळालेला बोनस, आणि सुरुवातीला त्याकडे कोणी फारसं गांभीर्यानं बघितलंही नाही.

इथे क्रिकेटची आठवण होणं साहजिक आहे. डिसेंबर १९७९, पर्थ, इंग्लंडविरुद्ध डेनिस लिली अल्युमिनियमची बॅट घेऊन मैदानात उतरला. माईक ब्रेअरलीनं तक्रार केली, चेंडू खराब होतोय. खेळ थांबला, वाद झाला, शेवटी लिलीनं ती बॅट रागानं फेकून दिली. पुढच्याच वर्षी नियम आला की बॅटचं पातं लाकडाचंच हवं. विषय संपला. क्रिकेटवाल्यांच्या सनातनीपणाला मी आयुष्यभर हसत आलोय, पण या एका बाबतीत त्यांनी पुढची सगळी डोकेदुखी एका वाक्यात वाचवली हे मान्य करतो. सॉफ्टबॉलनं दार उघडं ठेवलं, आणि मग त्या दारातून काय काय आत आलं ते बघा.

आधी साधं अल्युमिनियम. मग विमानांसाठी तयार झालेले मजबूत मिश्रधातू, म्हणजे भिंत आणखी पातळ करता येते. १९९३ मध्ये टायटॅनियमच्या बॅटा आल्या. त्या इतक्या जबरदस्त होत्या की असोसिएशननी त्यांच्यावर लगेच बंदी घातली. मग रे डीमारिनी या ओरेगॉनच्या अवलियानं दुहेरी भिंतीची बॅट काढली. हा माणूस स्वतः स्लो-पिच खेळणारा आणि फटका या एका गोष्टीनं झपाटलेला. त्याची कल्पना अशी: एक जाड भिंत ठेवण्यापेक्षा दोन पातळ भिंती एकात एक घाला. दोन्ही मिळून वाकतात सहज, पण चेपत नाहीत. (एक जाड पुठ्ठा वाकवून बघा आणि तेवढ्याच जाडीची वही वाकवून बघा.) आणि मग २००० नंतर कार्बन फायबरच्या कॉम्पोझिट बॅटा आल्या, त्यांनी तर कहरच केला.

नियम करणारे मागे धावत होतेच. एका संघटनेनं ठरवलं, चेंडू कडक भिंतीवरून जितका उसळतो त्याच्या १.२० पटीपेक्षा जास्त बॅटवरून उसळता कामा नये. अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशननं २००० च्या सुमाराला स्वतःची चाचणी आणली. आणि इथे त्यांच्याकडून जी चूक झाली ती वाचून माझ्यातला इंजिनिअर टुणकन उठून बसला. चाचणीत चेंडू डागायचे ताशी साधारण ९७ किलोमीटरनं. प्रत्यक्ष खेळात तगडा खेळाडू बॅट फिरवतो ताशी १३७ च्या आसपास आणि चेंडू समोरून येतो ४० नं, म्हणजे खरी टक्कर १७७ ची. दुहेरी भिंतीच्या बॅटांचा सगळा पराक्रम या वरच्या वेगात दिसायचा. थोडक्यात, स्टेजिंगवर पास, प्रॉडक्शनवर बोंब! लोड टेस्ट कमी लोडवर करून 'सगळं हिरवं आहे' म्हणणारे फक्त आमच्याच धंद्यात नसतात हे बघून फार बरं वाटलं.

२००४ मध्ये चाचणी बदलली. आता चेंडू ताशी १७७ नं डागायचा आणि निकालातून काढलेला फटक्याचा वेग ताशी ९८ मैल, म्हणजे साधारण १५८ किलोमीटर, यापेक्षा जास्त यायला नको. वरच्या सूत्रात हे आकडे घालून बघा, क्ष येतो ०.१२ च्या आसपास. एवढीशी ती मर्यादा. लाकडी बॅट तिच्या बरीच खाली राहते. आणि ही मर्यादा कशासाठी, तर पन्नास फुटांवर उभ्या असलेल्या पिचरसाठी. १५८ च्या वेगानं चेंडू त्याच्यापर्यंत पोचायला ०.३५ सेकंद लागतात. दिवा लागला की बटण दाब, इतक्या साध्या कामालाही माणसाचे ०.२ सेकंद जातात. उरलेल्यात चेंडू कुठे येतोय ते ओळखायचं, हात हलवायचा आणि जमलं तर झेल घ्यायचा. मर्यादेच्या आतल्या फटक्यालाही किती कमी वेळ उरतो बघा.

हे सगळं निव्वळ आकड्यांचं नव्हतं. २००३ मध्ये मोंटाना राज्यात, बेसबॉलच्या सामन्यात, अल्युमिनियमच्या बॅटवरून आलेला चेंडू डोक्याला लागून अठरा वर्षांचा पिचर गेला. त्याच्या आईवडिलांनी केलेल्या खटल्यात २००९ मध्ये ज्युरीनं बॅट बनवणाऱ्या कंपनीला जबाबदार धरलं, धोक्याची पुरेशी सूचना दिली नाही म्हणून.

कॉम्पोझिट बॅटची आणखी एक खोडी आहे. ती वापरून वापरून आणखी गरम होते. कार्बनचे थर राळेनं एकमेकांना चिकटवलेले असतात. शेकडो फटके खाल्ल्यावर थरांमध्ये बारीक भेगा पडतात, भिंत सैल होते, ट्रॅम्पोलिन सुधारतो. म्हणजे कोरी बॅट चाचणी पास होणार आणि सहा महिन्यांनी तीच नापास व्हायच्या लायकीची होणार. ज्यांना सहा महिने धीर नाही ते बॅट दोन रोलरच्या मध्ये घालून लाटतात. आणि ज्यांना त्याहून घाई आहे ते बॅटच्या टोकाचं झाकण काढून आतली भिंत तासतात, मग झाकण परत चिकटवतात. बाहेरून काहीच कळत नाही. शिक्का तसाच, रंग तसाच.

तीन वर्षांआधी त्याच शिकागोत बॅटच्या बनवाबनवीचं एक प्रकरण जगभर गाजलं होतं. ३ जून २००३ ला रिग्ली फील्डवर बेसबॉलचा सम्राट सॅमी सोसा याची लाकडी बॅट मोडली आणि आतून बूच निघालं. बॅट आतून कोरून त्यात बूच भरलं की चेंडू लांब जातो असा जुना समज. सोसाच्या बाकीच्या ७६ बॅटांचे एक्स-रे काढले, त्या सगळ्या स्वच्छ निघाल्या, पण नाव गेलं ते गेलंच. आणि यातला विनोद काय, तर बूच भरून काहीच होत नाही! ॲलन नेथन, लॉइड स्मिथ, डॅन रसेल वगैरे शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत ते तपासलं आणि २०११ मध्ये छापलं. लाकडाची भिंत कोरूनही एवढी जाड राहते की ट्रॅम्पोलिन होतच नाही. बॅट हलकी झाल्यानं थोडी वेगात फिरते, पण हलकी झाल्यामुळेच टक्करही थोडी कमकुवत होते. जमाखर्च जवळपास शून्य. म्हणजे ज्या लबाडीनं काही मिळत नाही ती सगळ्या जगाला माहीत, आणि आतून तासण्याची, जी खरोखर चालते, ती गुरुवार संध्याकाळच्या हापिसांच्या लीगमध्ये बिनबोभाट सुरू.

याच मंडळींचं आणखी एक काम मला फार आवडतं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे की जड बॅट म्हणजे मोठा फटका. सचिनची बॅट जड होती हे आपण जणू त्याच्या कुंडलीतल्या ग्रहासारखं सांगतो. या लोकांनी स्लो-पिच खेळाडूंना दोन प्रकारच्या बॅटा फिरवायला दिल्या. काही सारख्या वजनाच्या, पण कुठे वजन टोकाला, कुठे मुठीकडे. काही उलट, वजन वेगवेगळं पण मोमेंट ऑफ इनर्शिया सारखा. निष्कर्ष: फिरवण्याचा वेग एकूण वजनावर ठरत नाही, ते वजन कुठे आहे त्यावर ठरतो. हातोडा दांड्याकडून धरून फिरवा, मग उलटा करून लोखंडाकडून धरून फिरवा. वजन तेच, पण हात लगेच सांगेल. दुकानात बॅट तराजूवर ठेवून विकत घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तर आता आमची बॅट. शनिवारी आमच्या संघातले डीबीए काका (वय पंचावन्न, तरुणपणी मेकॅनिकल, म्हणून त्यांना मनात काका म्हणायचो, तोंडावर नावानंच) म्हणाले, "ती बॅट मला बघू दे." त्यांनी टोकाच्या झाकणाच्या कडेनं नख फिरवलं. गोंद नवा होता. बॅटच्या मालकाला फोन केला, तो म्हणाला इंटरनेटवरून जुनी घेतली, मला काही माहीत नाही. खरं असेल, खोटं असेल. काकांनी त्याची परवानगी घेतली, बॅट गॅरेजमध्ये पकडीत आवळली आणि हॅकसॉनं आडवी कापली. आतल्या भिंतीवर गोल गोल ओरखडे. एका बाजूला भिंत जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. हातानं तासलेली, तीही घाईत.

त्या रात्री मी वहीत हिशोब केला. माझ्यासारख्या नवख्याचा बॅटचा वेग ताशी ९५ धरला, चेंडूचा ४०. क्ष ०.१ असता तर फटका १०८ चा. तासलेल्या बॅटसाठी ०.२ धरला तर १२२ चा. हवेचा विरोध सोडून देऊन पिचरपर्यंतचा वेळ: पहिल्यात ५०६ मिलिसेकंद, दुसऱ्यात ४५०. फरक ५६ मिलिसेकंदांचा. आमच्या सर्व्हरचा रिस्पॉन्स टाइम ५६ मिलिसेकंदांनी कमी केला म्हणून मला मागच्याच तिमाहीत शाबासकी मिळाली होती. माझं ते टायमिंग, तो अभिमान, सगळं कोणीतरी सँडपेपरनं घासून तयार केलेलं होतं.

रविवारी मी केक घेऊन पिचरच्या घरी गेलो. हाताला निळं प्लास्टर. त्याची बायको दार उघडताना हसली नाही, पण आत घेतलं. तो मात्र मजेत होता. "चांगला मारलास, मला दिसलाच नाही," म्हणाला. खरं सांगतो, गप्प बसायचा मोह झाला. मग सगळं सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "अंपायरनं शिक्का बघितला होता?" म्हटलं, बघितला होता. बॅट मान्य यादीत होती. "मग तो तरी काय करणार," म्हणाला आणि केक कापायला डाव्या हातात सुरी घेतली. निघताना त्याच्या बायकोनं विचारलं, ज्यानं ती बॅट तासली त्याला माहीत आहे का कोणाला लागलं ते? मला काही उत्तर सुचलं नाही.

पुढच्या वर्षी तो परत खेळायला आला, तोंडावर जाळीचा मास्क लावून. त्याच्याबरोबरचे लोक त्याला चिडवायचे. मी उरलेले दोन हंगाम लाकडी बॅटनं खेळलो. माझा सगळ्यात लांब फटका दुसऱ्या बेसच्या थोडा पलीकडे जाऊन पडला आणि झेलला गेला.

काकांनी बॅटचे दोन तुकडे केले होते, त्यातला एक मी परत येताना बॅगेत घालून आणला. एअरपोर्टवर तो काय आहे हे समजावताना नाकी नऊ आले. रविवारी बायकोला हे सगळं सांगून झालं तेव्हा चहा निवला होता. तिनं तुकडा हातात घेतला, आत बोट फिरवून बघितलं. मग मोडेम आणि कीबोर्ड भंगारात गेले, आणि पाइप परत माळ्यावर.